गरीब देशाला मदत कशी करावी : नवख्या दात्यांसाठी पुस्तिका

ज्या देशांच्या गाठीला अलीकडेच चार पैसे जमले आहेत आणि ज्यांना आता दुसऱ्याचं दारिद्र्य हटवण्याची हौस वाटू लागली आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका. पूर्वानुभव लागत नाही. आपण स्वतः कधी घेणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो, ही आठवण असेल तर ती मात्र लवकरात लवकर पुसून टाकावी. भारताला हे बरं जमलं. जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जखिडकीवरून आजवर सर्वांत जास्त रक्कम उचललेला हा देश २०१४ साली त्या रांगेतून बाहेर पडला आणि आता परिषदांमध्ये दात्यांच्या बाजूच्या खुर्चीत ऐसपैस बसतो.

सरावासाठी आपण हैती घेतला आहे. क्यूबाच्या पूर्वेला एक बेट आहे, त्याचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा म्हणजे हा देश. महाराष्ट्राचे अकरा तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढा. दोनशे वर्षं जगातल्या यच्चयावत मोठ्या देशांनी याच्यावर हात साफ केला आहे, त्यामुळे उदाहरणांची वानवा नाही.

पाठ १ : गरिबीची पूर्वतयारी

मदत करायची तर समोरचा गरीब असावा लागतो, आणि देश आपोआप गरीब होत नाहीत. हैती तर फ्रान्सची सगळ्यांत किफायतशीर वसाहत होती. साखर आणि कॉफी तिथून निघे, आणि ती पिकवणारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम असत. १७९१ मध्ये हे गुलाम उठले, नेपोलियनच्या फौजेलाही त्यांनी हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. गुलामांनी बंड करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, असं जगात दुसरं उदाहरण नाही. अशा माणसांना मदतीची गरज कशी पडावी?

त्यासाठी धीर धरावा लागतो. १८२५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजाचा दूत राजाचं एप्रिलमधलं फर्मान आणि १४ युद्धनौका घेऊन बंदरात आला. निरोप असा : तुमचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करू, पण तुमच्यामुळे आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं ते भरून द्या. नुकसानीच्या यादीत जमिनी होत्या आणि माणसंही होती. म्हणजे जे लोक पैसे मोजणार होते, तेच त्या यादीतली मालमत्ता होते. रक्कम १५ कोटी फ्रँक, पाच हप्त्यांत. शिवाय फ्रेंच जहाजांना जकात निम्मी.

पहिला हप्ता ३ कोटींचा. हैतीकडे तेवढे पैसे नव्हते. काळजीचं कारण नाही, पॅरिसचे सावकार होतेच. त्यांनी ३ कोटींचं कर्ज दिलं, त्यातले ६० लाख दलाली म्हणून आधीच कापून घेतले आणि उरलेले फ्रान्सच्याच तिजोरीकडे रवाना झाले. हैतीच्या वाट्याला आलं ते फक्त कर्ज आणि त्याचं व्याज. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांची शेपटी विसाव्या शतकापर्यंत लांबली. १८८० साली हैतीची ‘राष्ट्रीय’ बँक स्थापन झाली, तिचं मुख्यालय पॅरिसमध्ये होतं. ती चालवणाऱ्या फ्रेंच बँकेने त्याच दशकात आयफेल टॉवरलाही भांडवल पुरवलं. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेचे नौसैनिक हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला घेऊन गेले, आणि पुढच्या वर्षी सैन्यच आलं ते १९ वर्षं राहिलं.

इथे विद्यार्थ्यांना हमखास एक शंका येते : हे घेतलेलंच परत केलं तर? ही शंका मोठ्याने विचारू नये. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाँ-बर्त्राँ आरिस्तिद यांनी विचारली. त्यांनी फ्रान्सला बिल दिलं : २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. फ्रान्सने ते नाकारलं. पुढच्या फेब्रुवारीत देशात बंड झालं आणि आरिस्तिद अमेरिकेने ठरवून दिलेल्या विमानातून देशाबाहेर गेले. त्यांच्या गच्छंतीला घरची कारणंही पुष्कळ होती, हे खरं. पण त्यानंतर कुणी सेंटपर्यंत हिशेब मांडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये, त्या फर्मानाला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सच्या अध्यक्षांनी या विषयावर इतिहासकारांची संयुक्त समिती नेमण्याचं जाहीर केलं. समिती हे मदतीतलं सगळ्यांत स्वस्त साधन आहे, हेही टिपून ठेवावं.

पाठ २ : गरिबाचं डुक्कर ओळखा

आता प्रत्यक्ष मदत. हा पाठ सावकाश वाचावा, कारण यात दात्याचा हेतू वाईट नव्हता.

हैतीच्या खेड्यात काळं, बुटकं, केसाळ गावठी डुक्कर असे. त्याला दावणीला चारा घालावा लागत नसे. मुळं, सालपटं, सडकी फळं, उकिरडा, जे मिळेल त्यावर ते वाढे. दोनचार दिवस काही मिळालं नाही तरी तग धरी. आपल्याकडे भूमिहीनाच्या घरी शेळीचं जे स्थान, तेच तिथे या डुकराचं. शाळा उघडण्याच्या वेळी फी भरायला एक विकायचं. लग्न, मयत, आजारपण, प्रत्येकासाठी एकेक. बँकेत ज्याला कुणी उभं करत नाही त्याचं हे पासबुक. आणि त्यावर व्याज म्हणून दरवर्षी पिल्लं.

१९७८ मध्ये शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि लवकरच सरहद्द ओलांडून हैतीत शिरला. हा रोग माणसाला होत नाही. डुकरांत मात्र हाहाकार माजवतो. अमेरिकेतल्या वराहपालन उद्योगाला धडकी भरली. मग अमेरिका, कॅनडा, मेक्सिको वगैरेंच्या सहकार्यातून उपाय ठरला : हैतीतली सगळी डुकरं मारायची. रोगी आणि निरोगी, सगळी. १९८३ पर्यंत काम फत्ते झालं. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या इतिहासात इतकी वक्तशीर मोहीम क्वचितच सापडेल.

भरपाई कबूल केली होती. कुणाला ती थोडी मिळाली, कुणाच्या हाती काहीच लागलं नाही. बदली डुकरं मात्र खरोखरच आली, अमेरिकेतल्या आयोवाहून, गोरीगोमटी, गुबगुबीत. त्यांना पिण्यासाठी स्वच्छ पाणी लागे, खायला बाहेरून आणलेलं खाद्य लागे, बसायला पक्की फरशी आणि वर छप्पर लागे. ज्यांच्या घरी जायची त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, स्वतःसाठीसुद्धा. शेतकऱ्यांनी या पाहुण्यांना नाव ठेवलं : चार पायांचे राजपुत्र.

गृहपाठ : आपल्या प्रकल्पातली वस्तू ज्या घरात जाणार आहे, त्या घरातल्या माणसापेक्षा तिचा खर्च जास्त आहे का, ते तपासावं. जास्त असेल तर प्रकल्प मंजुरीला पाठवावा.

पाठ ३ : स्वस्ताई पोचवा

गरिबांना स्वस्त धान्य मिळालं पाहिजे, याला कोण नाही म्हणेल? हैतीत आर्तिबोनित नदीचं खोरं आहे, तिथे भात पिकतो. १९८० च्या दशकापर्यंत देशाला लागणारा बहुतेक तांदूळ देशातच होत असे. मग नाणेनिधी आणि जागतिक बँकेने बाजार खुला करायला सांगितलं. १९९४ मध्ये, बंडखोर लष्करशहांनी हाकललेल्या आरिस्तिद यांना अमेरिकेने आपल्या सैन्यासह परत गादीवर बसवलं, त्याच्या पाठोपाठ तांदळावरचं आयातशुल्क ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. अमेरिकन सरकारचं अनुदान घेऊन आर्कान्सामध्ये पिकलेला तांदूळ जहाजांनी उतरू लागला. लोक त्याला मायामी तांदूळ म्हणत. तो स्वस्त होता, यात वाद नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी ज्यांनी चावली आहे, त्यांना बाहेरच्या धान्याचं कौतुक आणि त्याचं दुःख दोन्ही सांगायला नको. पण मिलो दुष्काळाबरोबर गेली. हा तांदूळ मुक्कामाला आला. आर्तिबोनितचा शेतकरी त्या भावात लावणीची मजुरीसुद्धा काढू शकेना. त्याने शेत सोडलं आणि पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्टीत सिमेंटच्या विटांचं एक खोपटं उभं केलं.

मार्च २०१० मध्ये, १९९४ साली अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ते धोरण त्यांच्या आर्कान्साच्या काही शेतकऱ्यांच्या फायद्याचं ठरलं असेल, पण हैतीच्या बाबतीत ती चूक होती. अशी कबुली दुर्मीळ असते आणि त्याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. शुल्क मात्र जिथल्या तिथे राहिलं.

पाठ ४ : पैसा फिरवा

कबुलीच्या दोन महिने आधी, १२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी, राजधानीच्या जवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. शेतं सोडून आलेली माणसं ज्या दाट वस्त्यांत राहत होती, त्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. हैती सरकारचा आकडा दोन लाखांच्या पुष्कळ वर आहे.

अशा वेळी न्यूयॉर्कला परिषद घ्यावी. ३१ मार्चला घेतली गेली, आणि पुढच्या दीड वर्षासाठी ५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम देण्याची वचनं झाली. वचन आणि वाटप यात फरक असतो, तो नवख्यांनी सुरुवातीलाच शिकून घ्यावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटलेला पैसा जातो कुठे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताच्या कार्यालयाने पुढे हिशेब मांडला. तातडीच्या मदतीपोटी दिलेल्या सुमारे २.४ अब्ज डॉलरपैकी ३४ टक्के दात्या देशांच्याच लष्करी आणि नागरी यंत्रणांकडे परत गेले. बाकीचा बहुतेक पैसा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, परदेशी स्वयंसेवी संस्था आणि कंत्राटदार यांच्यात वाटला गेला. हैतीच्या सरकारच्या हाती पडला १ टक्का. या खिशातून त्या खिशात, आणि नाव दानाचं.

पैसा सरकारला का दिला नाही, तर सरकार भ्रष्ट आहे म्हणून. हे खोटंही नाही. हैतीचे राज्यकर्ते काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. हुकूमशहा ‘बेबी डॉक’ दुव्हालिए १९८६ मध्ये देश सोडून फ्रान्सला पळाला तो रिकाम्या हाताने नव्हे. आणि व्हेनेझुएलाच्या स्वस्त तेलातून उभा राहिलेला पेट्रोकॅरिबेचा निधी कुठे मुरला, हे विचारत २०१८ मध्ये तिथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. पण ज्या सरकारला एक टक्काच मिळतो त्याच्याकडे ना कारकून राहतो ना इंजिनिअर. शिकलेला माणूस तिप्पट पगारावर परदेशी संस्थेत जातो. मग पुढच्या अहवालात लिहिता येतं की सरकारकडे क्षमता नाही.

पुनर्बांधणीसाठी आयोग बसला. त्याचे सहअध्यक्ष होते हैतीचे पंतप्रधान आणि बिल क्लिंटन. आयोगातल्या हैतीच्या सदस्यांनी वर्ष संपायच्या आत लेखी तक्रार केली की आम्हाला काही सांगितलं जात नाही, आम्ही इथे शोभेला आहोत. मोठा प्रकल्प ठरला तो काराकोलच्या औद्योगिक वसाहतीचा. भूकंप दक्षिणेला झाला होता. काराकोल उत्तरेला आहे. तिथली सुपीक जमीन कसणाऱ्या ३६६ कुटुंबांना उठवलं, आणि ६५ हजार नोकऱ्यांचं स्वप्न दाखवून २०१२ मध्ये कपडे शिवण्याचे कारखाने सुरू झाले. ६५ हजारांचा आकडा कधी गाठला गेला नाही.

पाठ ५ : बैठक

बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर घ्याव्यात. दारावर ओळखपत्र मागावं. भाषा इंग्रजी ठेवावी. हैतीची जनता क्रेओल बोलते आणि कचेऱ्यांत फ्रेंच चालते, त्यामुळे बैठकीत हैतीची माणसं कमी दिसतील आणि निर्णय लवकर होतील. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट वातानुकूलित असलेला बरा.

पाठ ६ : दिलगिरी

या पाठात विनोदाला फार जागा नाही.

मिरबाले नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची एक छावणी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे नेपाळहून नवी तुकडी आली. त्या सुमारास नेपाळमध्ये कॉलऱ्याची साथ होती. छावणीतला मैला वाहून नेण्याचं काम कंत्राटदाराकडे होतं आणि तो उघड्या खड्ड्यात टाकला जाई. छावणीच्या मागून मेय नावाचा ओढा वाहतो, तो आर्तिबोनितला जाऊन मिळतो. आर्तिबोनितच्या कालव्याचं पाणी भातशेतीत जातं, आणि शेतात राबणारी माणसं तेच पाणी पितात. मायामी तांदळापुढेही ज्यांनी शेत सोडलं नव्हतं, ती माणसं सुरुवातीलाच आजारी पडली. सकाळी जुलाब लागायचे आणि संध्याकाळपर्यंत माणूस जायचा. ज्या देशात शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती, तिथे आठ लाखांहून जास्त लोकांना तो झाला आणि सुमारे दहा हजार मेले.

हजारो पीडितांनी भरपाई मागितली. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कळवलं की दावा स्वीकारण्याजोगा नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयांत संस्थेला संरक्षण मिळालं, खटला उभाच राहिला नाही. सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती १ डिसेंबर २०१६ रोजी, सहा वर्षांनी. क्रेओलमध्येही मागितली. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, आणि सदस्य देशांनी त्यात इतकं थोडं टाकलं की मेलेल्यांच्या घरी वाटण्याइतकंही जमलं नाही.

ज्या संस्थेला जगातल्या दुबळ्यांचा कैवार आहे, तिने आपल्याच हातून मेलेल्यांच्या बाबतीत वकिलाचा सल्ला आधी घेतला. हैतीतल्या सगळ्या प्रकरणांत मला हे सर्वांत गैर वाटतं, कारण इतर ठिकाणी निदान कुणाचा तरी व्यापार होता.

पाठ ७ : टक्केवारी

१९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास-मदतीसाठी द्यावी. २०२४ मध्ये नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क या चारच देशांनी ती ओलांडली. बाकीच्यांचा अभ्यास चालू आहे.

जादा पाठ : फसलेले विद्यार्थी

काही जणांनी वरचे नियम न पाळता काम केलं. नवख्यांनी त्यांच्या नादी लागू नये म्हणून नमुने देत आहोत.

पहिला नमुना आपल्याच घरातला. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी २००४ मध्ये एक छोटा निधी काढला. प्रत्येकाने वर्षाला १० लाख डॉलर घालायचे. एवढ्यात न्यूयॉर्कची परिषदसुद्धा धड होत नाही. त्यातून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या कार्फूर-फय या डोंगरउतारावरच्या वस्तीत कचरा गोळा करायचं काम सुरू झालं. टोळ्यांच्या भांडणात पिचलेल्या वस्तीत एकमेकांच्या विरोधातल्या गल्ल्यांमधली माणसं एकाच कामावर घेतली, निम्म्याहून जास्त बायका. कागद वेगळा काढायचा, भिजवायचा, दाबून त्याच्या कांड्या करायच्या, वाळवून सरपण म्हणून विकायच्या. हैतीत चूल लाकडी कोळशावर पेटते आणि डोंगर त्यापायी बोडके झाले आहेत, म्हणून ही कांडी खपली. पगार वस्तीतच फिरला. या प्रकल्पाला पुरस्कारही मिळाले.

दुसरा नमुना मिरबालेचाच. ज्या गावातून कॉलरा पसरला तिथे २०१३ मध्ये ३०० खाटांचं शिकवणारं रुग्णालय सुरू झालं. डॉक्टर पॉल फार्मर यांच्या संस्थेने हैतीच्या आरोग्य खात्याला बरोबर घेऊन ते उभारलं, आणि हैतीचेच डॉक्टर, हैतीच्याच परिचारिका तिथे घडवल्या.

दोन्ही ठिकाणचं पुढचं ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये टोळ्यांनी कार्फूर-फय जाळलं आणि हजारो लोक जीव घेऊन पळाले. २०२५ च्या वसंतात टोळ्या मिरबालेत शिरल्या आणि रुग्णालय बंद करावं लागलं. हैतीत बंदुका बनत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्याच पाहणीनुसार त्या मुख्यतः अमेरिकेतून येतात, आणि त्यातही फ्लोरिडाचा वाटा मोठा. मदतीच्या जहाजावर रुग्णालयाच्या खाटा जपून पाठवायच्या आणि शेजारच्या कंटेनरमध्ये काय आहे ते बघायचं नाही, हेही सहकार्यच.

तिसरा नमुना कुठल्याच योजनेत बसत नाही. मायामीत, ब्रुकलिनमध्ये, माँट्रिऑलमध्ये हैतीची माणसं म्हाताऱ्यांची सेवा करतात, टॅक्सी चालवतात, हॉटेलांच्या खोल्या झाडतात आणि महिन्याला शंभर-दोनशे डॉलर घरी पाठवतात. आईच्या औषधाला, भावाच्या फीला, पत्र्याच्या छपराला. कुणी परिषद घेत नाही, अहवाल मागत नाही, सल्लागार नेमत नाही. असा पैसा मिळून वर्षाला ३ अब्ज डॉलरच्या वर जातो, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास पाचवा हिस्सा, आणि तो दात्या देशांच्या मदतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यातला एक डॉलरसुद्धा दात्याच्या खिशात परत जात नाही, ही या पद्धतीतली मोठी त्रुटी होती. अमेरिकेने ती आता सुधारली आहे. १ जानेवारी २०२६ पासून परदेशातल्या घरी रोखीने पाठवलेल्या पैशांवर तिथे १ टक्का कर आहे.